दादाचं ताट वेगळं कशाला?

वाचकाचं पत्र:

अक्का, नमस्कार. माझं माहेर खानापूर तालुक्यात, लग्न होऊन निपाणीला आले, वय 36. माझा थोरला दादा 44 वर्षांचा. दीड वर्ष त्याला परसाकडला रक्त पडायचं, मूळव्याध म्हणून गावातच औषध चालू होतं, शेवटी फार अशक्तपणा आला तेव्हा बेळगावला नेलं तर मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, आता केमो चालू आहे. वैनीनं मोबाईलवर कुठंतरी बघितलं की हा कॅन्सर पोटातल्या बॅक्टेरियामुळं होतो, तेव्हापासून तिनं दादाचं ताट, तांब्या, टॉवेल सगळं वेगळं केलंय, पोरांना जवळ बसू देत नाही. मागच्या रविवारी मी गेले तर दादा सोप्यात एकटा जेवत बसला होता, मला बघवलं नाही. धाकटा भाऊ पुण्याला असतो, 31 वर्षांचा, तो म्हणतो 15 हजाराची एक टेस्ट आहे, सॅम्पल कुरिअरनं पाठवलं की पोटात कुठले बॅक्टेरिया आहेत ते कळतं, सगळ्यांनी करू आणि त्यांच्याच प्रोबायोटिक गोळ्या घेऊ. दादाला अँटिबायोटिक देऊन ते जंतू मारता येणार नाहीत का? त्याच्या हिरड्या पहिल्यापासून खराब, मिश्री लावतो, कुणी म्हणतं त्यानंच झालं, कुणी म्हणतं रविवारच्या मटणानं. खरं काय ते सांगा. नाव छापू नका.

उत्तर:

आधी ताटाचं बोलते, बाकीचं सगळं मागनं. मोठ्या आतड्याचा कॅन्सर एकाचा दुसऱ्याला लागत नाही. ताटातनं, तांब्यातनं, टॉवेलातनं, शेजारी बसून, पोराला मांडीवर घेऊन, एका अंथरुणात झोपून, कशानंच लागत नाही. दादाच्या स्वतःच्याच पेशी बिघडून वाढल्यात, त्या दुसऱ्याच्या पोटात जाऊन रुजत नाहीत. हे वैनीपर्यंत लवकरात लवकर पोचलं पाहिजे, पण कुणाच्या तोंडून पोचवायचं ते खाली लिहिते, नणंदेनं सांगितलेलं आणि डॉक्टरनं सांगितलेलं यात फरक पडतो की.

मग वैनीनं बघितलं ते खोटं का? नाही गं. बॅक्टेरियांचा आणि या कॅन्सरचा संबंध आहे आणि त्यावर जगभर जोरात काम चाललंय. मी 31 वर्षं कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवली, रिटायर झाले तरी हा विषय वाचायचा सोडला नाही, म्हणून तुला जरा सविस्तरच सांगते, कारण अर्धवट कळलं की माणूस ताटं वेगळी करतो.

लोकांची गडबड कुठं होते बघ. जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू असतो. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल यांनी 1984 साली तो जंतू स्वतः पिऊन दाखवला की यानं जठराला सूज येते, त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना 2005 चं नोबेल मिळालं. त्या जंतूवर अँटिबायोटिकचा कोर्स आहे, घेतला की अल्सर बरा होतो आणि जठराच्या कॅन्सरचा धोकाही कमी होतो. तेव्हापासून लोकांच्या मनात हेच बसलंय की कॅन्सर जंतूनं होतोय ना, मग जंतू मारला की झालं. पण ते जठराचं. मोठ्या आतड्यात एक जंतू पकडून शिक्षा देता येईल असं सोपं काम नाही, तिथं सगळी वस्तीच आहे. आपल्या अंगात साधारण 38 लाख कोटी बॅक्टेरिया असतात, सगळ्यांचं वजन केलं तर पावशेरापेक्षा थोडं कमी भरेल, आणि त्यातले जवळजवळ सगळे मोठ्या आतड्यात. त्यातले बहुतेक आपल्या कामाचे, काही नुसते राहणारे आणि थोडे त्रास देणारे.

त्रास देणाऱ्यांतला पहिला तुझ्या प्रश्नातच आहे, हिरड्यांचं विचारलंस ना, तोच. फ्युजोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम त्याचं नाव, मूळचा राहणारा तोंडातला, दातांवर पिवळा थर बसतो त्यात आणि सुजलेल्या हिरड्यांत. मायक्रोस्कोपखाली दोन्हीकडं टोक असलेल्या चातीसारखा दिसतो, दरवर्षी मी पोरांना त्यांच्याच दातांचा मळ स्लाइडवर घेऊन दाखवायची आणि तेव्हा आम्हाला कुणाला वाटलंही नव्हतं की हा आतड्याच्या कॅन्सरमध्ये सापडेल. 2011 च्या शेवटाला अमेरिका आणि कॅनडातल्या दोन टीमनी वेगवेगळं काम करून एकच गोष्ट सांगितली, की मोठ्या आतड्याच्या गाठीत हा जंतू भरपूर असतो, शेजारच्या चांगल्या आतड्यात तेवढा नसतो. पुढं कळत गेलं की याच्या अंगावर फॅडए नावाचं चिकट प्रोटीन आहे, त्यानं तो आतड्याच्या पेशीला धरून बसतो आणि पेशीला आतनं वाढायचा निरोप जातो, आणि फॅप2 नावाचं दुसरं प्रोटीन आपल्याच संरक्षण करणाऱ्या पेशींना गाठीवर हल्ला करू देत नाही. 2017 ला दिसलं की गाठ लिव्हरमध्ये पसरली तर हा तिथंही तिच्याबरोबर गेलेला असतो. मग 2024 ला सिएटलच्या फ्रेड हचिन्सन कॅन्सर सेंटरच्या लोकांनी अजून बारीक करून सांगितलं, की या जंतूतली एकच पोटजात गाठीत घर करते, जठरातल्या आम्लातनं जिवंत पार व्हायची ताकद तिच्यात आहे, आणि तपासलेल्या गाठींपैकी साधारण निम्म्यांत ती सापडली. म्हणजे बाकीच्या निम्म्यांत सापडलीच नाही, हे पण लक्षात ठेव.

दुसरा ई. कोलाय. हा सगळ्यांच्याच पोटात असतो, बहुतेक जाती गरीब, पण काही जातींकडं कोलिबॅक्टिन नावाचं विष बनवायची सोय असते. डीएनएचे दोन धागे असतात, हे विष दोन्ही धाग्यांना एकमेकांत टाचून टाकतं, घाईत शिवताना पुढचं मागचं कापड एकाच टाक्यात सापडतं ना तसं, मग पेशी ते उसवायला जाते आणि उसवताना चुका राहून जातात. 2020 ला नेदरलँड्समधल्या टीमनं लॅबमध्ये वाढवलेल्या इवल्या इवल्या आतड्यांत हा जंतू 5 महिने ठेवला आणि डीएनएवर त्याची कशी खूण पडते ते ओळखून काढलं, आणि तीच खूण खऱ्या पेशंटांच्या गाठींत पण मिळाली. नंतर एप्रिल 2025 मध्ये 11 देशांतल्या 981 पेशंटांच्या गाठींचा अभ्यास आला, त्यात 40 वर्षांच्या आत कॅन्सर झालेल्यांमध्ये ही खूण 70 च्या पुढच्या पेशंटांपेक्षा 3.3 पट जास्त होती आणि हिशेब असा लागला की हे घाव आयुष्याच्या पहिल्या 10 वर्षांतच पडलेले असावेत. हे वाचलं त्या दिवशी मी बराच वेळ नुसती बसून होते, माणूस पन्नाशीच्या आत आजारी पडतो आणि सुरुवात कदाचित तो बालवाडीत असताना झालेली. जगभर तरुण वयात हा कॅन्सर वाढतोय त्याचं एक कारण इथं मिळतंय का, हे आता शोधतायत.

तिसरा बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस, त्याच्या काही जाती असं विष सोडतात की आतड्याच्या पेशी एकमेकींना धरून असतात ती पकडच तुटते आणि सूज धरून राहते, 2009 ला जॉन्स हॉपकिन्सच्या लोकांनी उंदरांत दाखवलं की त्या सुजेतनं गाठी होतात. अजूनही नावं आहेत, पण एवढं पुरे.

आता मुख्य गोष्ट. तुझं माहेर खानापूरचं, भाताचं रान तुला सांगायला नको. बांध फुटून खाचराचा एक कोपरा बिघडला की तिथं लव्हाळा माजतो, आणि लव्हाळा माजला की उरलंसुरलं भात पण जातं. मग भात कशानं गेलं? बांधानं का लव्हाळ्यानं? दोन्हीनं गेलं ना. फ्युजोबॅक्टेरियम बराचसा त्या लव्हाळ्यासारखा आहे, त्याला ऑक्सिजन मानवत नाही आणि गाठीच्या आत ऑक्सिजन कमीच असतो, म्हणजे गाठ त्याला आयतीच जागा देते आणि तिथं बसून तो गाठीला जोर देतो. कोलिबॅक्टिनवाला ई. कोलाय मात्र आधीच बांधाला घुशी लागाव्या तसा. आणि या दोघांशिवाय वय आहे, घराण्यातनं आलेले जीन आहेत, तंबाखू आहे, दारू आहे, वजन आहे, बसून राहणं आहे. हे सगळं मिळून आतड्याच्या आत आधी एक बारीक कोंब येतो, त्याला पॉलिप म्हणतात, आणि पॉलिपचा कॅन्सर व्हायला साधारण 10 वर्षं जातात. ही 10 वर्षं लक्षात ठेव, पुढं त्यांचंच काम आहे. बहुतेक पॉलिप तर कधी कॅन्सरपर्यंत जातच नाहीत.

म्हणून ताट वेगळं करून काय होणार सांग. फ्युजोबॅक्टेरियम हवेला टिकणारा नाही, लॅबमध्ये त्याला वाढवायचं तर आम्हाला हवा काढून टाकलेल्या बंद जारमध्ये ठेवायला लागायचं, आणि धुतलेल्या स्टीलच्या ताटावर तो काय तग धरणार. वर तो वैनीच्या तोंडात पण असणार, पोरांच्याही, माझ्याही. एका घरातल्या माणसांचे बॅक्टेरिया थोडेफार एकमेकांकडं जातच असतात, जन्मल्यापासून, पण कॅन्सर जात नाही. नर्सा, डॉक्टर, हॉस्पिटलात झाडलोट करणाऱ्या बायका वर्षानुवर्षं या पेशंटांमध्ये वावरतात, बघ.

काळजी घ्यायची ती उलट बाजूनं घ्यायला हवी. केमोत दादाच्या पांढऱ्या पेशी कमी होतात, म्हणून पोरांना सर्दी ताप असेल तर पोरांपासून दादाला जपायचं. हात धुवायचे, पाणी उकळून गार केलेलं, जेवण ताजं, कापून ठेवलेली फळं आणि गाड्यावरचं नको. एक गोष्ट मात्र खरंच वेगळी करावी लागते. केमो दिल्यावर पहिले 48 तास औषधाचा अंश लघवी संडासातनं बाहेर पडतो, तेव्हा संडासात दोनदा पाणी ओतायचं, उलटीचे किंवा खराब झालेले कपडे धुताना हातमोजे घालायचे. 100 ताप आला किंवा थंडी वाजली तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, रात्री असेल तर रात्री हॉस्पिटलला फोन करायचा.

हिरड्या आणि मटण. दादाला कुणी असं बोलत असेल ना की तू मिश्री लावलीस, तू मटण खाल्लंस, तर ते आता बंद करा, मी हात जोडून सांगते. एका माणसाच्या गाठीकडं बोट दाखवून ही अमक्यानं झाली असं जगातला कुठलाच डॉक्टर सांगू शकत नाही. रविवारचं मटण म्हणशील तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं 2015 ला लाल मांसाला बहुधा कॅन्सर करणारं आणि सॉसेज, सलामी असल्या प्रक्रिया केलेल्या मांसाला नक्की कॅन्सर करणारं म्हटलंय, पण प्रक्रिया केलेलं मांस रोज 50 ग्रॅम खाल्लं तर धोका 18 टक्के वाढतो, असा तो हिशेब आहे. आठवड्यातनं एकदा घरात शिजवलेल्या मटणाचं पाप एवढं मोठं करू नका. मिश्री मात्र सुटायलाच पाहिजे, तंबाखूच आहे ती, निपाणीच्या माणसाला तंबाखूचं मी काय सांगू, पण दादाला ती आता प्रेमानं सोडवा, बोलणी लावून नको. आणि पुढच्या केमोच्या आधी दातांच्या डॉक्टरला दाखवून घ्या, केमोत तोंड येतं आणि किडक्या दाताचं इन्फेक्शन अंगभर जाऊ शकतं, तर कधी काय करायचं ते कॅन्सरच्या डॉक्टरना विचारून.

अँटिबायोटिकचं विचारलंस ते स्वाभाविक आहे, 2017 च्या त्याच अभ्यासात उंदरांना मेट्रोनिडाझोल दिल्यावर गाठीची वाढ कमी झाली होती. पण ते उंदीर, आणि ती गाठ त्यांच्यात मुद्दाम रुजवलेली. माणसाला असं अँटिबायोटिक दिलं की चांगले बॅक्टेरिया पण मरतात, केमोत आधीच जुलाब होतात त्यात भर पडते, आणि चांगल्यांची जागा रिकामी झाली की तिथं वाईट जंतू शिरतात. कॅन्सरच्या डॉक्टरनी इन्फेक्शनसाठी लिहून दिलं तर घ्यायचं, मेडिकलमधनं मागून आणायचं नाही.

15 हजाराच्या टेस्टचं धाकट्याला सरळ नाही सांग. त्या रिपोर्टात बॅक्टेरियांची नावं आणि रंगीत चार्ट येतील, पण त्यावरनं तुला पॉलिप आहे का नाही, कॅन्सर होणार का नाही, हे कळत नाही आणि कुठलाही डॉक्टर त्यावर उपचार ठरवू शकत नाही. उद्या रिपोर्ट चांगला आला म्हणून तुम्ही दोघं निर्धास्त बसाल, याचीच मला जास्त भीती वाटते. गोळ्यांचंही तेच, प्रोबायोटिकनं मोठ्या आतड्याचा कॅन्सर टळतो असं सिद्ध झालेलं नाही, आणि दादाला तर डॉक्टरना विचारल्याशिवाय त्या अजिबात द्यायच्या नाहीत, पांढऱ्या पेशी कमी असताना ते जिवंत बॅक्टेरिया रक्तात शिरल्याची उदाहरणं आहेत.

आता तुझं. पत्रात दादाचं सगळं लिहिलंस, वैनीचं, पोरांचं, धाकट्याचं लिहिलंस, आणि स्वतःचं फक्त वय लिहिलंस. म्हणून मी वहीवर हिशेब मांडला. सख्ख्या भावाला किंवा आईबापाला हा कॅन्सर 60 च्या आत झाला तर भावंडांनी 40 व्या वर्षी, किंवा त्याला झाला त्या वयाच्या 10 वर्षं आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करायची. दादाला 44 ला झाला, त्यातनं 10 गेले, राहिले 34. तू 36 ची आहेस बाई. तुझी वेळ दोन वर्षांपूर्वीच येऊन गेलीय. काही होत नसलं तरी, पोट साफ असलं तरी, भूक लागत असली तरी, तुला ही तपासणी करायची आहे, या महिन्या दोन महिन्यांत.

घाबरू नकोस. आदल्या दिवशी हलकं खायचं, संध्याकाळपासून पावडर घातलेलं पाणी दोन चार तांबे प्यायचं, रात्रभर संडासला जावं लागतं, खरा त्रास तेवढाच. सकाळी गुंगीचं इंजेक्शन देतात आणि कॅमेऱ्याची नळी घालून सगळं मोठं आतडं आतनं बघतात, अर्धा पाऊण तास, तुला कळणारही नाही. पॉलिप दिसला तर तिथल्या तिथं काढून टाकतात. म्हणजे ते 10 वर्षांचं जे मघाशी सांगितलं त्यात मध्येच जाऊन कोंब खुडायचा. नंतर सगळं स्वच्छ असेल तर साधारण 5 वर्षांनी परत. बायकांना लाज वाटते, मला माहीत आहे, लेडी डॉक्टर हव्या म्हणून सांग, नसल्या तर नर्स सोबत असतेच. पण लाजेपायी सोडू नकोस.

माझे थोरले मामा असेच गेले. खानापूरच्या पुढचंच गाव, 14 महिने रक्त पडत होतं, मूळव्याधीचा खात्रीचा इलाज म्हणून बोर्ड लावलेल्या एका माणसाकडं दर मंगळवारी बसनं जायचे, तो पोट तपासायचा नाही, बोट घालून बघायचा नाही, नुसत्या पुड्या द्यायचा. मामांनी अंगावर काढलं आणि आम्ही शिकलेल्या पोरांनी पण विचारलं नाही, कारण त्या जागेचं कुणी बोलतच नाही आपल्यात. शेवटी बेळगावला आणलं तेव्हा लिव्हरपर्यंत गेलं होतं. मी तेव्हा नोकरीला लागून तीन वर्षं झाली होती, पोरांना जंतू शिकवत होते आणि घरात हे. म्हणून मी लिहायची संधी सोडत नाही. संडासात रक्त, लाल असो का डांबरासारखं काळं, परसाकडची सवय तीन आठवड्यांच्या वर बदललेली, जाऊन आलं तरी राहिल्यासारखं वाटणं, कारण नसताना वजन उतरणं, पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं हिमोग्लोबिन कमी येणं, यातलं काहीही असलं तर मूळव्याध आहे म्हणून बसायचं नाही. मूळव्याध असूनसुद्धा आत कॅन्सर असू शकतो.

धाकटा 31 चा, त्याची वेळ 3 वर्षांनी. पण त्याआधी एक काम. दादाला 44 ला झालाय म्हणजे हे घराण्यातलं आहे का ते बघायला हवं. लिंच सिंड्रोम म्हणून एक प्रकार असतो, आईबापाकडनं येतो. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा तुकडा लॅबमध्ये ठेवलेला असतो, त्यावर एमएमआर नावाची तपासणी करतात. केमोच्या पुढच्या खेपेला डॉक्टरना एवढंच विचारा, एमएमआर केलंय का आणि काय आलं. बऱ्याचदा केलेली असते, कुणी सांगितलेलं नसतं. त्यात बिघाड दिसला तर पुढं रक्ताची जीनची तपासणी, आणि ती पॉझिटिव्ह आली तर वरचा 34 चा हिशेब बाजूला पडतो, ज्यांच्यात तो जीन निघेल त्यांना विशी पंचविशीपासूनच दर एक दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी लागते, बायकांना गर्भाशयाचंही बघावं लागतं. आजी, मावशा, काका यांच्यात कुणाला आतड्याचा नाहीतर गर्भाशयाचा कॅन्सर झाला होता का ते पण आईला विचारून कागदावर लिहून ने.

सोय बेळगावात केएलईच्या हॉस्पिटलला आहे, तुला निपाणीहून कोल्हापूर जवळ पडेल, मिरजही आहे. दादाचं बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत वर्षाला घरटी 5 लाखापर्यंत उपचार बसतात, सरकारी हॉस्पिटलचं रेफर लेटर लागतं, ते सिव्हिलमधनं मिळतं. कागद कन्नडमध्ये असतात, घरात कुणाला वाचता येत नसेल तर शेजारचं कॉलेजातलं पोर सोबत न्या. धाकट्याकडं 15 हजार तयारच आहेत ना, तर ते तुझ्या कोलोनोस्कोपीला लावायला सांग.

खाण्याचं तू विचारलं नाहीस पण बॅक्टेरियांचं बोलणं त्याशिवाय पुरं होत नाही. आपण पचवू शकत नाही तो चोथा मोठ्या आतड्यातले चांगले बॅक्टेरिया खातात आणि त्यातनं ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात, आतड्याच्या अस्तरातल्या पेशींची जवळजवळ 70 टक्के ऊर्जा त्याच्यावर चालते, सूज पण त्यानं कमी राहते. चोथा मिळाला नाही की हेच बॅक्टेरिया आतड्याच्या आतला बुळबुळीत संरक्षणाचा थर कुरतडायला लागतात. 2015 ला एक प्रयोग छापून आला, अमेरिकेतल्या 20 कृष्णवर्णीय लोकांचं आणि दक्षिण आफ्रिकेतल्या खेड्यातल्या 20 जणांचं जेवण फक्त दोन आठवडे अदलाबदल केलं, चरबी मांसवाल्यांना चोथ्याचं आणि चोथावाल्यांना चरबी मांसाचं, तर दोन आठवड्यांतच आतड्याच्या अस्तरातली सूज आणि बॅक्टेरियांचं काम दोन्हीकडं उलटंपालटं झालं. दोन आठवड्यांत गं! आपल्याकडं जोंधळ्याची भाकरी, नाचण्याची आंबील, हुलग्याचं माडगं, मडकीची उसळ, गुरळ्याची चटणी, अंबाडीची भाजी हे सगळं घरात होतं की, ते मागं पडून सकाळी पाव खारी आणि रात्री मैदा कधी आला कळलंच नाही. तू, धाकटा, पोरं, सगळ्यांनी हे परत ताटात आणा. ताक दही घरचं, औषध म्हणून नको, जेवण म्हणून. फक्त दादाला आत्ता चोथ्याचा मारा करू नका, आतड्याचं ऑपरेशन झालंय, केमोत जुलाब असतील तर मऊ भात, मुगाचं वरण, डॉक्टर आणि डायटिशियन सांगतील तसं हळूहळू. दह्याचंही त्यांना विचारूनच.

राहिली वैनी. ती वाईट नाही, ती घाबरलीय. नवऱ्याला 44 व्या वर्षी कॅन्सर, दोन पोरं, आणि हातात मोबाईल, तिला रात्री झोप तरी लागत असेल का? तू जाऊन समजावलंस तर नणंद शहाणपण शिकवते असं होईल, आणि ताट अजून वेगळं होईल. म्हणून पुढच्या केमोला वैनीला सोबत घेऊन जा, दादाला खुर्चीवर बसवलं की तिला बाजूला डॉक्टरकडं ने आणि तूच विचार, डॉक्टर, पोरांनी यांच्या ताटात जेवलं तर चालतं का. प्रश्न तू विचार, उत्तर तिला मिळू दे. तिचे अजून जे प्रश्न असतील ते तिलाच विचारू दे, तू मध्ये बोलू नकोस. हातमोज्यांचं आणि 48 तासांचं काम पण डॉक्टरकडनं तिच्याच हातात दे, तिला काहीतरी करायचं आहे म्हणूनच तिनं टॉवेल वेगळा केला.

आणि या रविवारी जाशील तेव्हा सोप्यात दादाशेजारी तुझं पण पान मांड. पोरं आपोआप येतील. संध्याकाळी निघायच्या आधी धाकट्याला तिथनंच फोन लाव, दादासमोर, आणि 34 हा आकडा त्याला वहीत लिहून घ्यायला सांग. एमएमआरचं काय आलं ते मला कळव, आणि तुझ्या कोलोनोस्कोपीची तारीख पण.

तुझी अक्का